फळातली साखर आरोपीच्या पिंजऱ्यात

मागच्या व्याख्यानात आपण ऊस, मळे आणि गुलामांचा व्यापार इथपर्यंत आलो होतो. ते संपल्यावर श्रोत्यांकडून एक चिठ्ठी आली: 'लठ्ठपणा साखरेनं येतो, की परदेशातल्या त्या मक्याच्या सिरपनं?' आज तिथूनच सुरुवात करू. प्रश्न दोन ओळींचा आहे, पण त्याच्यामागे पन्नास-साठ वर्षांचं राजकारण आहे.

आधी थोडं रसायनशास्त्र. डुब्रुनफो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1847 साली फ्रुक्टोज ओळखलं. फळांत आणि मधात ते मोकळं असतं. आपल्या चहातल्या साखरेत ते ग्लुकोजशी जोडलेलं असतं, निम्मं हे आणि निम्मं ते. पोटात गेल्यावर ही जोडी फुटते. ग्लुकोज शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी वापरते. फ्रुक्टोजचा मोठा भार मात्र यकृतावर पडतो. ग्लुकोजच्या वाटेवर एक जकात नाका आहे असं समजा. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की तो नाका वाहतूक थोपवतो. फ्रुक्टोज त्या नाक्याला वळसा घालून आत शिरतं. थोडं असेल तर काही बिघडत नाही, पण भरपूर आणि रोज आलं तर यकृत त्यातल्या काही भागाची चरबी करतं. शिवाय या घाईत युरिक ॲसिडही वाढतं. फ्रुक्टोजमुळे इन्शुलिन फारसं स्रवत नाही, म्हणून एके काळी मधुमेही लोकांसाठी ते बरं मानलं जायचं. इतिहासात असे विनोद पुष्कळ सापडतात.

आता माणसांकडे येऊ. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात जॉन युडकिन नावाचे पोषणशास्त्राचे प्राध्यापक होते. हृदयविकाराचा दोष चरबीवर टाकण्याची घाई नको, साखरेकडेही पाहा, असं ते सांगत राहिले. माणूस प्रामाणिक होता. 1957 साली त्यांनीच दाखवून दिलं होतं की ब्रिटनमधल्या हृदयविकाराच्या मृत्यूंशी सगळ्यांत चांगला मेळ कुठल्याही अन्नाचा बसत नाही, तर रेडिओ आणि टीव्हीच्या परवान्यांचा बसतो! दोन आकडे बरोबरीनं वाढले म्हणजे एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. 1972 साली त्यांचं साखरेवरचं गाजलेलं पुस्तक आलं. समोर होते अमेरिकेतले ॲन्सेल कीज, चरबीच्या सिद्धान्ताचे सेनापती. कीज यांनी युडकिन यांची यथेच्छ टर उडवली आणि पुढची तीस वर्षं अमेरिकी आहारसल्ल्यात चरबी खलनायक राहिली.

हा निव्वळ दोन विद्वानांचा वाद होता का? 2016 साली क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य असलेल्या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुना पत्रव्यवहार उजेडात आणला. शुगर रिसर्च फाउंडेशन या साखर उद्योगाच्या संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना 6,500 डॉलर दिले होते. त्यातून 1967 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आढावा छापून आला. साखरेविरुद्धचा पुरावा त्यात हलका ठरवला होता आणि पैसे कुणाचे याचा उल्लेख नव्हता. तसा उल्लेख करायचा नियम त्या काळी नव्हता, हेही सांगायला हवं. पण केवळ या पैशामुळे युडकिन हरले असं म्हणणं आम्हाला पटत नाही. चरबीच्या बाजूनं खरे आकडेही होते, आणि युडकिन यांचा स्वतःचा पुरावा अनेक ठिकाणी तोकडा होता.

दरम्यान मक्याचं प्रकरण वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोजचं सिरप जुनंच होतं. 1957 साली अमेरिकेत असं एन्झाइम सापडलं, जे ग्लुकोजचं फ्रुक्टोज करतं. जपानमध्ये ताकासाकी यांनी ते कारखान्यात चालेल असं केलं. 1974 साली साखरेचे भाव भडकले आणि 1982 साली अमेरिकेनं साखरेच्या आयातीवर कोटा बसवला. मका तर स्वस्त आणि मुबलक होता. 1984 साली कोका-कोला आणि पेप्सी दोघांनीही अमेरिकेत पूर्णपणे सिरप स्वीकारलं. चव, आरोग्य वगैरे कारणं यात कुठेच नव्हती, हिशेब फक्त पैशाचा होता.

2004 साली ब्रे, नीलसन आणि पॉपकिन यांनी शंका मांडली: सिरपचा खप आणि लठ्ठपणा एकाच काळात वाढले आहेत, तर संबंध असेल का? वर्तमानपत्रांनी त्या शंकेचा निकाल करून टाकला. इथे युडकिन यांचे टीव्हीचे परवाने आठवा. शीतपेयांच्या सिरपमध्ये फ्रुक्टोज सुमारे 55 टक्के असतं आणि साखरेत 50. एवढ्या फरकात जादू काय असणार? आणि अमेरिकेत सिरपचा खप 1999 च्या सुमारास शिगेला पोहोचून उतरू लागला, लठ्ठपणा मात्र चढतच राहिला. म्हणजे सिरप विरुद्ध साखर हे भांडण बरंचसं फोल आहे.

फ्रुक्टोजवरचा आरोप मात्र तेवढ्यानं उडत नाही. 2009 सालच्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या लोकांना दहा आठवडे रोजच्या उष्मांकांपैकी 25 टक्के गोड पेयातून दिले. काहींना ग्लुकोजचं पेय, काहींना फ्रुक्टोजचं. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी मात्र फ्रुक्टोजवाल्यांची वाढली. उलट बाजूला, 2012 साली अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं, की एकूण उष्मांक तेवढेच ठेवून फ्रुक्टोज दिलं तर वजन वाढत नाही, वरून जादा दिलं तर वाढतं. अर्थात प्रयोगशाळेत कुणी उष्मांक मोजून देतो, लग्नाच्या पंगतीत कोण देणार?

आपल्याकडे मळीपासून मतापर्यंत सगळं राजकारण उसाचं. 'आमच्यात मक्याचं सिरप नाही' असं बाटलीवर वाचून निश्चिंत होणाऱ्यांनी ते निम्मं गणित लक्षात ठेवावं. गूळही मुख्यतः तीच साखर आहे, हे सांगितल्यावर नेहमी दोघं-तिघं रागावतात. आजही रागावतील.

आणि केवळ वजनकाट्यावर भिस्त ठेवू नये. पुण्याचे डॉ. यज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन (हे युडकिन वेगळे, नावावरून गोंधळ नको) यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मोजली तर लंडनच्या युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकरांची 21.2 टक्के. काट्याच्या दृष्टीनं दोघं अगदी सारखे.

वेळ झाली. इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट पुढच्या वेळी घेऊ.