अपघातांच्या नोंदी आणि मोटारीची सुरक्षितता

अपघातसमयी मोटारीबाहेर फेकला गेलेला प्रवासी वाचतो, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ होता. त्याच्या पुष्टीस बचावलेल्यांच्या हकीकती सांगितल्या जात. मृतांची साक्ष कोणी काढीत नसे.

ती साक्ष पद्धतशीर नोंदविण्याचे श्रेय मुख्यतः ह्यू डी हेवन यांस द्यावे लागते. १९१७ साली वैमानिकी शिकत असता ते विमान-अपघातातून बचावले होते. इजा नेमकी कशाने होते, हा प्रश्न पुढे त्यांच्या संशोधनाचा विषय झाला. कॉर्नेल विद्यापीठातील त्यांच्या योजनेत पोलिसांचे व डॉक्टरांचे अहवाल आणि मोडलेल्या मोटारींची छायाचित्रे एकत्र पडताळली गेली. निष्कर्ष रूढ समजाच्या उलट निघाला : दार उघडून बाहेर पडणे हेच अधिक प्राणघातक होते. १९५६ च्या सुमारास अमेरिकन मोटारींच्या दारांना अधिक मजबूत खिट्ट्या आल्या.

निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी जखडणारा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो मोटारींत १९५९ पासून बसू लागला. पट्टा बांधणारा मुळातच सावध असेल, ही शंका अशा तुलनेत रास्तच होय. म्हणून अपघातसमयीचा वेग विचारात घेणे अगत्याचे ठरते. १९६७ साली बोलिन यांनी २८,००० अपघातांचे विश्लेषण मांडले. त्यात पट्टा न बांधलेले प्रवासी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगातही दगावले होते. पट्टा बांधलेला एकही प्रवासी ताशी सुमारे ९६ किलोमीटरांखालील वेगात दगावला नव्हता.

१९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा सक्तीचा केला. साधनाची कल्पना कारखान्यात जन्मते. त्याचे मोल मात्र रस्त्यावरील नोंदीच ठरवितात.