अंबाडी : आधी दोरी, मग भाजी

अंबाडी म्हटलं की नांदेड-लातूरच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. कण्या घालून शिजवलेली आंबट भाजी, वरून लसणाची खमंग फोडणी आणि ज्वारीची भाकरी. बस्स! पण मंडळी, शेतात अंबाडीला जागा मिळाली ती मुळात या भाजीसाठी नाही, तर दोरीसाठी.

अंबाडी ही जास्वंदीच्याच कुळातली. हिबिस्कस कॅनाबिनस हे तिचं शास्त्रीय नाव. पानं भांगेसारखी दिसतात म्हणून कॅनाबिनस. (लाल बोंडांची, सरबतवाली अंबाडी म्हणजे तिची बहीण, सब्दारिफा.) इंग्रजांच्या काळात व्यापारी तिला 'डेक्कन हेम्प' म्हणायचे. म्हणजे दख्खनचा ताग! नावातच कळतं, त्यांना पानाशी काही देणंघेणं नव्हतं.

गावाचंही तेच. कापसात, ज्वारीत एखादं तास किंवा धुऱ्याला कडेनं अंबाडी पेरायची. दाट पेरली की फांद्या फुटत नाहीत, झाड सरळ उंच जातं. फुलावर आली की कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायच्या, मग साल सोलून आपटून धुवायची. हातात येतो तो वाख. त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं आणि मोटेचे नाडे. बलुतेदारीत दोर वळण्याचं काम मातंग समाजाकडे होतं. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा कासरा दिसायचा, त्यामागे हे सगळे कष्ट होते.

आणि भाजी? खुरपायला गेलेल्या बाया घरी परतताना ओटीत कोवळा पाला खुडून आणायच्या. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट दोरी, भाजी हे फुकटचं फीचर :-)

हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात आले, तर नांदेड जिल्ह्यातला भैंसा तेलुगू बाजूला गेला. नकाशा बदलला, पण चूल बदलली नाही. आजही बिदरकडे ती पुंडी, निजामाबादकडे पुंटिकूर आणि खाली आंध्रात गोंगुरा.

मधल्या काळात अंबाडीचा भाव वधारला होता. १९४७ च्या फाळणीत तागाची बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या मात्र कलकत्त्याच्या आसपास राहिल्या. मग तागाला जोड म्हणून देशात अंबाडीच्या लागवडीला उत्तेजन मिळालं. सरकारी आकडेवारीत 'ताग आणि मेस्टा' असं जोडीनं लिहितात, त्यातला मेस्टा म्हणजे ही आणि तिची बहीण.

पुढे मोट गेली, पंप आले. नायलॉनचे दोर आले, ते कुजत नाहीत. ट्रॅक्टर आल्यावर बैलच कमी झाले. वाख काढायचा कुणासाठी? शेतातून अंबाडी हटू लागली, आणि जी भाजी कुणाच्या हिशेबात नव्हती तिनंच झाडाला तगवलं. परसात, आता कुंडीतही.

परसातली रीत मात्र शेतापेक्षा नेमकी उलटी. मृगाचा पाऊस झाला की बी टाका, रोपं विरळ ठेवा. गुडघ्याच्या खाली असतानाच शेंडा खुडा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. दर आठ-दहा दिवसांनी कोवळी पानं मिळत राहतात. जून पानं राठ लागतात. पानांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून उकडून पाणी टाकून देण्याची जुनी पद्धत शहाणपणाचीच.

पण एक गोम आहे. अंबाडी फुलते ती पावसाळा सरताना, दिवस लहान होऊ लागले की. शेतात दोरीसाठी झाडं उभीच असायची, त्यामुळे कडेची चार झाडं बियाण्याला ठेवणं सहज व्हायचं. परसात आपण खुडतच राहतो, कंटाळा आला की उपटतो. बी धरतच नाही. मग पुढच्या वर्षी बाजारातलं पाकीट, आणि ज्या गावाचं वाण त्या गावात संपलं!

तेव्हा एक काम करा. दसऱ्यानंतर एका झाडाला हात लावू नका. फिकट पिवळी, पोटात गडद लाल अशी फुलं येतील, बोंडं वाळतील. ती टोचरी असतात, जपून फोडा. मूठभर बी निघेल. अर्धं स्वतःला ठेवा, अर्धं शेजारी द्या.