काळजाचा ठोका आणि पडद्यावरचं चित्र
मागच्या वेळी आपण विल्यम जेम्सपाशी थांबलो होतो. 1884 साली त्याने मांडलं, की शरीरातला बदल आधी. त्याची जाणीव म्हणजेच भावना. 1927 मध्ये वॉल्टर कॅननने हरकत घेतली: भीती असो की राग, हृदय धडधडतंच, मग भावना ओळखायची कशावरून?

आता प्रयोगशाळेतलं सॉफ्टवेअर बघा. ते भावना नोंदवतच नाही. ईसीजीतल्या उंच टोकांमधलं अंतर मोजतं (800 मिलिसेकंद असेल तर मिनिटाला 75 ठोके) आणि चित्र किंवा आवाज नेमका कधी सुरू झाला, याची खूण त्याच कालरेषेवर ठेवतं. खरी मेख त्या खुणेत. ती सरकली की कोणता ठोका कशामुळे बदलला, हे कळायचं नाही.

आणि गंमत अशी, की 1960 च्या दशकात जॉन आणि बिआट्रिस लेसी या दांपत्याने दाखवलं ते उलटंच होतं. लक्ष देऊन पाहताना-ऐकताना ठोके मंदावतात. मनातल्या मनात हिशेब करताना वाढतात. पुढे आढळलं, की भयानक चित्र समोर आलं तरी बहुधा आधी ते मंदावतातच. ‘छातीत धडधडलं’ यापेक्षा आपलं ‘काळजाचा ठोका चुकला’ इथे जास्त जवळचं, नाही का? तेव्हा आलेख उतरला म्हणून ‘प्रेक्षक शांत झाला’ असं कुणी लिहिलं, तर आपण विचारायचं: शांत झाला, की डोळे लावून बघत राहिला?