ओहायोतील ग्रंथालय-सहकार : सामाईक तालिका आणि सामाईक ग्रंथ

अनेक ग्रंथालयांनी मिळून एक तालिका सिद्ध करणे आणि त्याच ग्रंथालयांनी आपले ग्रंथ परस्परांच्या वाचकांस मोकळे करून देणे, या दोन गोष्टी एकाच सहकाराच्या दोन बाजू होत, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठीय ग्रंथालयांचा इतिहास पाहता हा समज तपासून घ्यावा लागतो. तेथे पहिली गोष्ट साधल्यावर दुसरीसाठी सुमारे वीस वर्षांनी स्वतंत्र उभारणी करावी लागली.

१९६७ साली राज्यातील ५४ महाविद्यालये व विद्यापीठे यांनी 'ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर' ही संस्था स्थापन केली. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलेले फ्रेडरिक किलगोर हे तिचे पहिले संचालक होत. एकच ग्रंथ पन्नास ग्रंथालयांत आला की पन्नास तालिकाकार तीच नोंद पन्नास वेळा करीत. हा अपव्यय टाळणे हा संस्थेचा मुख्य हेतू होता. २६ ऑगस्ट १९७१ रोजी अथेन्स येथील ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दूरध्वनीच्या तारांनी मध्यवर्ती संगणकाशी जोडलेल्या यंत्रावर काम सुरू केले व पहिल्या दिवशी १३३ ग्रंथांच्या नोंदी केल्या. नोंद आधीच उपलब्ध असेल तर ती तपासून छापील तालिकापत्रे मागवावयाची. नसेल तर नवी करावयाची, म्हणजे ती सर्वांची होई.

या पद्धतीत सभासद वाढतील तसा प्रत्येकाचा लाभ वाढत असल्यामुळे राज्याची सीमा तिला पुरेना. १९७७ साली घटना बदलून ओहायोबाहेरील ग्रंथालयांना सभासदत्व खुले झाले. १९८१ साली नावातील 'ओहायो' व 'कॉलेज' हे शब्द जाऊन 'ऑनलाइन कॉम्प्युटर लायब्ररी सेंटर' हे नाव आले. आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोयही १९७९ पासून उपलब्ध होती. तथापि ग्रंथ द्यावा की नाही, हे प्रत्येक ग्रंथालय स्वतःच ठरवी.

दरम्यान ओहायोतील ग्रंथालयांपुढे जागेचा प्रश्न उभा राहिला. विद्यापीठे नव्या इमारतींसाठी राज्याकडे निधी मागू लागली. १९८७ साली राज्याच्या उच्चशिक्षण मंडळाच्या समितीने इमारतींऐवजी सामाईक साठवण-भांडारे व राज्यव्यापी संगणकीय तालिका यांची शिफारस केली. त्यातून 'ओहायोलिंक' ही व्यवस्था उभी राहून १९९२ पासून कार्यान्वित होऊ लागली. पुढे वाचक स्वतःच दुसऱ्या विद्यापीठातील ग्रंथाची मागणी नोंदवू लागला आणि तो ग्रंथ त्याच्या ग्रंथालयात पोचता होऊ लागला.

दोन्ही टप्प्यांतील भेद येथे स्पष्ट होतो. नोंद दुसऱ्यास दिल्याने देणाऱ्याचे काही कमी होत नाही; ग्रंथ दिला की तो काही काळ आपल्या फळीवर नसतो. म्हणून तालिकेच्या सहकारास श्रमाची बचत हे कारण पुरेसे झाले, तर ग्रंथांच्या सहकारास समान नियम, नियमित वाहतूक आणि राज्याच्या तिजोरीचा आधार यांची गरज पडली. पहिला सहकार जगभर पसरू शकला. दुसऱ्याने मात्र राज्याच्या मर्यादेतच आकार घेतला.

मूळ संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची तालिकापत्रे छापली. तोपर्यंत नियतकालिके संगणकावर आली होती व ग्रंथालयांचा समूह त्यांच्या वाचनाचा हक्क प्रकाशकांकडून कराराने घेऊ लागला होता. करार संपला की हा हक्क किती उरतो, हे त्याच्या अटींवर ठरते. मालकीच्या ग्रंथाची तशी स्थिती नसते. म्हणून प्रादेशिक ग्रंथालय-सहकाराचा अभ्यास करताना किती नोंदी एकत्र झाल्या एवढेच न पाहता, कोणत्या वस्तूवर कोणाचा हक्क आहे आणि ती वाचकाच्या हाती कोणत्या व्यवस्थेने पोचते, याचाही शोध घेणे अगत्याचे ठरते.