पाणी कोण घालणार? न्हाणीघर आणि म्हातारपण

आजचा विषय न्हाणीघर. आयोजकांना हा विषय सांगितला तेव्हा ते जरा गप्पच झाले. तत्त्वज्ञानाच्या माणसाने आयुष्यभर आत्म्यावर बोलायचं आणि सत्तरी उलटल्यावर मोरीवर यायचं, हे त्यांना विचित्र वाटलं असणार. पण पतंजलींनी नियम सांगताना पहिलं नाव शौचाचं घेतलं. संतोष, तप, स्वाध्याय त्यानंतर आले. तेव्हा आम्ही काही फार घसरलेलो नाही. घसरण्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. कोल्हापूरच्या आसपासच्या एका वृद्धाश्रमात आमचे एक जुने स्नेही राहायला गेले. निवृत्त शिक्षक, कपड्याला इस्त्री असल्याशिवाय कधी बाहेर न पडणारे. दोन-तीन महिन्यांनी भेटायला गेलो तर दाढी वाढलेली, अंगाला वास. सेवक म्हणाला, "सर आंघोळच करत नाहीत. रोज म्हणतात, आज थंडी आहे." एप्रिल महिना होता! आम्हाला वाटलं, बुद्धी ढळली. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच सांगितलं: एकदा पाय सटकला. तेव्हापासून सेवक दार उघडं ठेवून, स्वतः समोर उभा राहून, त्यांना पाणी घालतो. "चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो हो. आता असं उभं राहायचं?"

त्या प्रश्नाने आम्हाला इतिहासाकडे नेलं. म्हाताऱ्या माणसाला पाणी कोण घालणार, याचं उत्तर आपल्याकडे कसकसं बदलत गेलं?

जुन्या वाड्यातली न्हाणी आठवा. शेजारी तांब्याचा बंब, समोर घंगाळ, खाली दगडी फरशी आणि बसायला पाट. आपली आंघोळ ही बसून करायची आंघोळ होती. ओबडधोबड दगडाला पाय धरायचा, बसलेला माणूस पडणार तरी किती? हे गुण खरेच. पण आठवणीत रमताना एक विसरू नये. बंब पहाटे कुणीतरी पेटवायचं, पाणी कुणीतरी उपसायचं, सासऱ्याचं घंगाळ कुणीतरी भरून ठेवायचं. ते 'कुणीतरी' म्हणजे घरातली बाई, बहुधा सून. तिच्या म्हातारपणी तिला पाणी कोण घालणार, हे तिच्या नशिबावर असे.

आणि संडास? तो घराच्या पार मागे. का? कारण टोपली उचलणारा माणूस मागच्या बोळातून येणार आणि त्याची सावलीही घरावर पडू नये ही व्यवस्था. म्हणजे संडासाची जागा जातीने ठरवली होती, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचा विचार कुणी केलाच नव्हता. रात्री कंदील घेऊन, पावसात, अंगण ओलांडून जायचं. एका माणसाची अप्रतिष्ठा आणि दुसऱ्याची गैरसोय एकाच भिंतीने बांधली होती. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात झाडू घेतला, गोपुरीत साधे, स्वस्त संडास घडवले, त्याचं मोल इथे कळतं. डोक्यावरून मैला वाहण्याला कायद्याने बंदी घालायला १९९३ साल उजाडलं आणि २०१३ मध्ये पुन्हा कडक कायदा करावा लागला.

आमच्या कोल्हापुरात पाण्याची चिंता राज्यकर्त्यांनी पूर्वीपासून केली. 'पाण्याचा खजिना' हे नाव शहरात आजही आहे. पुढे कळंब्याचं पाणी नळाने आलं. नळ घरात आला, मग फ्लश आला, आणि मागच्या बोळातला संडास हळूहळू बेडरूमला येऊन चिकटला. म्हाताऱ्यांसाठी ही केवढी सोय! पण त्याच वेळी एक उलटी गोष्ट घडली. दगड जाऊन गुळगुळीत टाइल आली, पाट जाऊन शॉवर आला. बसून आंघोळ करणारा समाज साबणाच्या पाण्यात, चकचकीत फरशीवर उभा राहिला. हाडं मात्र सत्तर वर्षांची.

वृद्धाश्रमांचा इतिहास याला समांतर जातो. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात निराधार, पंगू लोकांसाठी आश्रयस्थान उभं राहिलं. आज ते 'निवारा' म्हणून ओळखलं जातं. तेव्हाचा प्रश्न होता डोक्यावर छप्पर आणि पोटाला अन्न. महाराष्ट्र सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ ची. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने म्हटलं की राज्य सरकारने जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांना सामावेल असं वृद्धाश्रम उभारावं. या कलमात आकडा आहे तो माणसांचा. न्हाणीघर कसं असावं, हा तपशील योजनांवर सोडलेला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्त-निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत न्हाणीघरातले आधाराचे दांडे आणि न घसरणारी फरशी यांचा उल्लेख आला. छप्परापासून दांड्यापर्यंत यायला दीडशे वर्षं लागली म्हणायची.

बाहेरच्या जगातही हे फार जुनं नाही बरं का. ब्रिटनमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ या वास्तुविशारदाने अपंगांसाठी इमारती कशा असाव्यात यावर पुस्तक लिहिलं ते १९६३ मध्ये. पोलिओने ते स्वतः अपंग झाले होते. अमेरिकेत अलेक्झांडर किरा यांनी १९६६ मध्ये 'द बाथरूम' हे पुस्तक काढलं. माणूस वाकतो कसा, बसतो कसा, हात कुठवर पोचतो, याचं त्यांनी मोजमाप केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ही साधनं माणसाचं शरीर न पाहताच बनवली गेली आहेत.

मग आपल्या शरीराकडे, आपल्या सवयींकडे पाहून काय करता येईल? आम्ही इंजिनिअर नाही, पण जाणकारांना विचारून, चार आश्रम हिंडून जे उमगलं ते सांगतो. कमोडची बैठक जमिनीपासून साधारण ४५ ते ४८ सेंटिमीटर हवी, म्हणजे उठताना गुडघे रडत नाहीत. शेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलचा दांडा म्हणजे आधार नव्हे, तो माणसाबरोबर खाली येतो. उंबरठा नको. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, कारण आत पडलेला माणूस दाराला अडला तर मदत आत जायची कशी? कडी अशी, की वेळ आली तर बाहेरून उघडेल. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटरची मोकळी जागा. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड, मागे पांढरी भिंत, असं करू नका. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते सगळं एकच ढग दिसतं. आणि रात्री पलंगापासून तिथवर मंद दिवा असू द्या.

यात एक आपल्या मातीतलं. शॉवर लावला तरी आपले वृद्ध बादलीच शोधतात. मग बादली जमिनीवर का? तिला गुडघ्याइतक्या उंचीचा कट्टा करा. पाट उंच करून त्याची भक्कम, पाठ टेकता येईल अशी बैठक करा. नळ बसल्या हाताला लागेल असा घ्या. म्हणजे आपला पाट आणि तांब्या परत आला, फक्त वाकणं गेलं.

कुणी म्हणेल, सेवक आहे ना, मग हा खर्च कशाला? सेवक हवाच. काही जणांना त्याच्याशिवाय चालणारच नाही, आणि मायेने घातलेल्या पाण्यात कमीपणा नाही. पण ज्याला स्वतः जमतं त्याच्याकडून ते काढून घेणं ही सेवा नव्हे. स्वातंत्र्यावर आम्ही वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली, कांट शिकवला. त्या मोठ्या शब्दाचा शेवटचा मुक्काम कुठे असतो, हे आम्हाला त्या आश्रमात कळलं. तो असतो आतून लावलेल्या कडीत. विद्यापीठाने हे कधी शिकवलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी शिकवलं नाही.

त्या स्नेह्यांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. आम्ही मित्रांनी वर्गणी काढली. दोन दांडे, एक बैठक, बादलीला कट्टा आणि खरखरीत फरशी. गवंड्याचं चार दिवसांचं काम. पुढच्या खेपेला गेलो तर सेवक न्हाणीघराच्या बाहेर स्टुलावर बसलेला. दार बंद. आतून पाण्याचा आवाज येत होता. आम्ही हाक मारली तर आतून मास्तरांचा वर्गातला आवाज आला: "थांबा जरा. आंघोळ चाललीय!"

तेव्हा आपल्या गावातल्या वृद्धाश्रमाला देणगी द्यायला जाल, तेव्हा भिंतीवरची पाटी नंतर बघा. आधी न्हाणीघर बघून या.