प्राथमिक शाळेतील इतिहास आणि भिवंडीचे बंदर

प्राथमिक शाळेत इतिहास कसा शिकवावा, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा समजून इतिहासाचे अभ्यासक तो बहुधा बाजूला ठेवतात. हे योग्य नव्हे. सामान्य नागरिकाच्या मनातील भूतकाळाचे चित्र नवव्या-दहाव्या वर्षीच रेखाटले जाते, आणि पुढील संशोधनाने ते क्वचितच पालटते.

महाराष्ट्रात या चित्राचा मुख्य आधार इयत्ता चौथीचे शिवचरित्र हा होय. १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने ते १९७० साली प्रथम प्रसिद्ध केले. कथारूप चरित्र या वयास मानवते, यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी ७ मे रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीप्रसंगी दंगल उसळली व तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचे प्रयोजन नाही. तथापि मराठी व उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा असलेल्या गावी एकच चरित्र दोन प्रकारे ऐकले जाऊ शकते, हा इशारा त्यातून मिळतो.

यावरील उपाय भिवंडीच्याच इतिहासात सापडतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि लवकरच खाडीवर जहाजबांधणी आरंभिली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण व पनवेल येथे शिवाजी लढाऊ जहाजे बांधवीत असल्याचा उल्लेख येतो. या कामावरील पोर्तुगीज कारागिरांनी वसईच्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून काम सोडल्याचेही प्रसिद्ध आहे.

हा एक प्रसंग तीन गोष्टी शिकवितो. पहिली, राज्य केवळ तलवारीवर उभे राहत नाही. त्यास सुतार, लोहार व खलाशी लागतात, आणि ते सर्व एकाच धर्माचे नसतात. दुसरी, ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारण्याची सवय. शेजाऱ्याने हे का लिहून ठेवले, त्यास कशाची भीती वाटली, हे नऊ वर्षांच्या मुलासही उमगते. तिसरी, कालाचे भान. आजोबांच्या आठवणीतील मागापासून निघून १८५४ साली कल्याणास आलेली आगगाडी, १७३९ चा वसईचा विजय व त्यानंतरचे वज्रेश्वरीचे देवालय, आणि शेवटी १६५७, अशा पायऱ्यांनी मूल मागे जाऊ शकते.

लहान मुलांस पुरावा पारखता येत नाही, हा आक्षेप नेहमीचा आहे. कोणताही विषय त्याच्या गाभ्याशी प्रामाणिक राहून कोणत्याही वयाच्या मुलास शिकविता येतो, असे जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली प्रतिपादिले. अडचण मुलांच्या बुद्धीची नसून साधनांच्या अभावाची आहे. पोर्तुगीज कागद चौथीच्या शिक्षकाच्या हाती कोण देणार?

ते काम विद्यापीठीय विभागांचे आहे. प्रत्येक तालुक्यापुरती आठ-दहा अस्सल साधने सुबोध मराठीत व उर्दूत उतरवून शिक्षकांस दिल्यास, दोन्ही माध्यमांतील मुले निदान एकाच पुराव्यापाशी येतील. एकमत व्हावे असा आग्रह नाही. मतभेद पुराव्याच्या आधारे व्हावेत, एवढेच इतिहासाच्या शिक्षणाकडून अपेक्षित आहे.