महामार्ग-इंटरचेंजची रचना आणि नगररचनेचे संगणकीय खेळ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दोन वेगवान रस्ते परस्परांस छेदतात तेथे वाहनांनी न थांबता दिशा कशी बदलावी, हा विसाव्या शतकातील स्थापत्य अभियांत्रिकीपुढील एक महत्त्वाचा प्रश्न होय. पुढे हाच प्रश्न नगररचनेच्या संगणकीय खेळांतून सामान्य खेळाडूंपुढेही आला. प्रस्तुत निबंधात या दोन्ही इतिहासांचा परस्परसंबंध तपासून 'कार्यक्षमता' या संकल्पनेच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रत्यक्ष रचनेचा विकास :
अमेरिकन अभियंता आर्थर हेल यांना १९१६ मध्ये 'क्लोव्हरलीफ' रचनेचे एकस्व मिळाले. एक रस्ता दुसऱ्यावरून नेऊन चार कोपऱ्यांत पाकळ्यांप्रमाणे चार गोलाकार वळणे देणे, हे या रचनेचे सूत्र होते. न्यू जर्सीतील वुडब्रिज येथे १९२९ मध्ये अमेरिकेतील असा पहिला इंटरचेंज वापरात आला. तथापि एका पाकळीतून रस्त्यावर येणारी आणि पुढील पाकळीकडे वळणारी वाहने अल्प अंतरात एकमेकांच्या मार्गिका ओलांडतात. परिणामी रहदारी वाढताच वेग मंदावतो व अपघाताचा धोका वाढतो. लॉस एंजेलिस येथे १९४९ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या चार मजली इंटरचेंजने प्रत्येक दिशेस स्वतंत्र मार्ग देऊन हा दोष टाळला. मात्र त्यासाठी उंच पुलांचा मोठा खर्च स्वीकारावा लागला.

खेळातील प्रतिरूप :
विल राइट यांच्या 'सिमसिटी' (१९८९) या खेळावर जे फॉरेस्टर यांच्या 'अर्बन डायनॅमिक्स' (१९६९) या ग्रंथाचा प्रभाव होता. त्यात रस्ते व रेल्वे होती; महामार्ग 'सिमसिटी २०००' (१९९३) मध्ये आले. फिनलंडमधील कोलोसल ऑर्डर या संस्थेच्या 'सिटीज : स्कायलाइन्स' (२०१५) या खेळात प्रत्येक वाहनास स्वतःचे आरंभस्थान व गंतव्यस्थान लाभले. त्यामुळे क्लोव्हरलीफचा मूळ दोष पडद्यावरही प्रकट होऊ लागला. केवळ मार्गिका वाढविल्याने कोंडी सुटत नाही; प्रवाह वेगळे करणे, प्रवेश व निर्गमन यांत पुरेसे अंतर ठेवणे आणि स्थानिक रस्ते महामार्गास थेट न जोडणे आवश्यक असते, हे खेळाडू अनुभवातून शिकतो.

कार्यक्षमतेची मर्यादा :
खेळात वस्ती पाडण्यास एक कळ पुरेशी असते; विस्थापितांचा आक्रोश कोठेही नोंदला जात नाही. वास्तवात मात्र लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स या बहुवांशिक श्रमिक वस्तीतून महामार्ग नेताना अनेक कुटुंबांची घरे गेली. तेथील ईस्ट लॉस एंजेलिस इंटरचेंज वाहतुकीसाठी उपयुक्त ठरला, तरी त्याची किंमत वाहनचालकांपेक्षा त्या रहिवाशांनी अधिक मोजली. याउलट सॅन फ्रान्सिस्कोतील एम्बार्काडेरो हा उन्नत महामार्ग १९८९ च्या भूकंपात क्षतिग्रस्त झाल्यावर १९९१ मध्ये पाडण्यास प्रारंभ झाला आणि शहराचा समुद्रकिनारा नागरिकांना पुन्हा खुला झाला. वाहनांचा वेग हा शहराच्या हिताचा एकमेव निकष नव्हे, हे यावरून दिसून येते.

निष्कर्ष :
नगररचनेचे खेळ रस्त्यांची भूमिती व प्रवाहाचे तर्कशास्त्र प्रभावीपणे शिकवितात. परंतु 'रस्ता कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवरून?' हा प्रश्न ते सहसा विचारीत नाहीत. वर्गात अशा खेळांचा उपयोग करताना तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडणे, हे अध्यापकाचेच कार्य होय.